अँजिओप्लास्टी फुकट, मग बीपीच्या गोळ्या विकत का?

प्रश्न: नमस्कार. मागच्या वर्षी सासूबाईंची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून झाली, एक रुपया लागला नाही, आरोग्यमित्रांनी सगळे कागद नीट करून दिले. पण आता दर महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्या मेडिकलमधूनच आणाव्या लागतात, कारण आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेलं की केसपेपरवर लिहून देतात, 'बाहेरून घ्या'. एवढी मोठी ट्रीटमेंट सरकारला परवडते आणि गोळी परवडत नाही? मिस्टर म्हणतात हे सगळं राजकारण आहे, तू पडू नकोस त्यात. आरोग्यात राजकारण आणतातच कशाला? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, न परवडायला काय झालं, अँजिओप्लास्टीपुढे गोळ्यांचा खर्च तो केवढा! प्रश्न आहे पैसा आधी कुठे घालायचा हा, आणि ते ठरवणं म्हणजेच धोरण, आणि ठरवणारी माणसं आपणच निवडून दिलेली असतात, त्यामुळे राजकारण कोणी बाहेरून आणत नाही, ते तिथे असतंच.

तुमच्याच योजनेचं बघा ना. 2012 मध्ये 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, मग सरकार बदललं आणि 2017 मध्ये नाव महात्मा फुले झालं, 2020 मध्ये ती आयुष्मान भारतला जोडली, नंतर उपचारखर्चाची दीड लाखाची मर्यादा 5 लाख झाली आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली. सरकारं आली-गेली, नाव बदललं, पण योजना बंद करायची हिंमत कोणी केली नाही, कारण ज्या घरातलं माणूस वाचतं ते घर अख्ख्या गावाला सांगतं. हेही राजकारणच आहे आणि मला ते चांगलंच वाटतं.

अडचण अशी की ही योजना मुख्यतः अॅडमिट झाल्यावर कामाला येते, महिन्याच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. आणि बीपी कंट्रोलमध्ये राहिलं म्हणून अॅटॅक आलाच नाही, हे दिसणार कुणाला? त्याचा बॅनर लागत नाही, म्हणून पीएचसीच्या औषधाच्या खिडकीकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरंतर 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की आरोग्यावरच्या पैशातला दोन-तृतीयांश किंवा जास्त भाग प्राथमिक आरोग्यसेवेवर जावा आणि राज्यांनी बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्याला द्यावेत. पण धोरण म्हणजे कायदा नाही, त्यातलं किती खरं होणार ते दरवर्षी बजेटमध्येच ठरतं, आणि आरोग्य हा मुळात राज्याचा विषय आहे, सगळं दिल्लीवर ढकलून चालत नाही.

आता तुमची गोळी कुठे अडते ते सांगते. पीएचसी जिल्हा परिषदेची, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, मेडिकल कॉलेज तिसऱ्याच खात्याचं. सरकारी औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन या राज्य सरकारच्याच महामंडळाकडे दिली, पुरवठ्याच्या तक्रारी झाल्या, मग 2023 मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. त्यात 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं तिथे प्रशासकच बसले होते, म्हणजे औषध नाही म्हणून ज्याला गावात अडवून विचारावं असा निवडलेला सदस्यच नव्हता. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं, कारण निवडणुका नसण्याचा आणि औषधाच्या खिडकीचा संबंध आपण कधी जोडतच नाही.

हे बदलता येतं बरं का. तामिळनाडूने 1994 मध्येच सरकारी औषधखरेदीसाठी महामंडळ काढलं, तिथेही सरकारं आलटून-पालटून आली पण महामंडळ टिकलं, आणि 2021 पासून तर बीपी-शुगरच्या गोळ्या पेशंटच्या घरी नेऊन देतात. ते पण राजकारणीच ना? फक्त तिथे गोळ्यांनाही मतांइतकं महत्त्व आलं.

म्हणून मिस्टरांना सांगा, पडायचंच यात. आधी आशाताईंना विचारून सासूबाईंचं नाव असंसर्गजन्य (म्हणजे बीपी-शुगरसारख्या, संसर्गाने न पसरणाऱ्या) आजारांच्या यादीत आहे का बघा, कारण त्या राष्ट्रीय कार्यक्रमात बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळायला हव्यात. 'बाहेरून घ्या' लिहिलेले केसपेपर टाकू नका, झेरॉक्स काढून ठेवा. गावात अशी आणखी घरं असतीलच, त्यांना गोळा करा आणि ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, ठरावात औषधांची नावं आणि ती किती महिने मिळाली नाहीत हे स्पष्ट येऊ द्या, नुसतं 'औषधांचा तुटवडा' लिहिलं की फाईल पुढे सरकत नाही. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक आमदारांच्या ऑफिसात, आणि दोन्हीकडून आवक नंबर घेतल्याशिवाय निघू नका. आणि हो, तोपर्यंत गोळ्या बंद करू नका, विकत घ्यायला लागल्या तरी, आणि ब्रँडऐवजी जेनेरिक (तेच औषध, ब्रँडच्या नावाशिवाय) चालतील का हे डॉक्टरांना विचारून जवळच्या जनऔषधी केंद्रात बघा, बराच फरक पडतो.