डोंगल घ्यायचा की डबा? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हेडफोन कसा निवडायचा यावर लिहिलं होतं, तर पुढच्या आठवडाभरात जे मेल आले त्यातले निम्मे एकच विचारतायत, आता याला डॅक (आकड्यांत साठवलेल्या गाण्याचा आवाज करणारी चिप) कुठला लावू. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत (साउंडबारवाले, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात) आणि हेच एकदाचं निस्तरून टाकू.

दादा, मी डोंबिवलीहून रोज लोकलने जातो. नवीन फोनला इअरफोनची पिन लावायला जागाच नाहीये. अडीच हजारांचे वायरवाले चिनी इअरफोन घेतलेत. मित्र म्हणतो फोनचा आवाज भिकार असतो, बारा हजारांचा पोर्टेबल डॅक-अ‍ॅम्प घे आणि मग ऐक. घेऊ का?

नको घेऊस. मित्राला कटिंग पाज आणि विषय बदल.

बघ, गाणं फोनमध्ये आकड्यांत साठवलेलं असतं, सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला 44,100 आकडे, डाव्या कानाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. त्या आकड्यांवरून वरखाली होणारा व्होल्टेज तयार करते ती चिप म्हणजे डॅक, आणि त्या व्होल्टेजला इअरफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो तो अ‍ॅम्प. कामं दोन आहेत पण टाइप-सीला लावायचा जो बोटभर डोंगल मिळतो ना, त्याच्या त्या जाडसर टोकात दोन्ही बसवलेलं असतं. म्हणजे हजार रुपयांच्या आसपासचा डोंगल हासुद्धा डॅक-अ‍ॅम्पच आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही कारण तसं म्हटलं की बारा हजारांचं काय विकणार.

एक मात्र सांभाळ. फुटपाथवर शंभर-दीडशेत जो कनेक्टर मिळतो त्यात बऱ्याचदा चिपच नसते, नुसत्या वायरी जोडलेल्या असतात. फोन स्वतःच टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर देत असेल तरच तो चालतो, आणि सॅमसंग, पिक्सेल असले फोन तसा देत नाहीत. लावलास की शांतता. घेताना "आत डॅक आहे का" एवढंच विचार, दुकानदार डोक्याला आठ्या घालून बघायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

तुझे इअरफोन 16 ते 32 ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा) घरातले असणार, ते पाव-अर्ध्या व्होल्टमध्येच कान बधिर करतील इतके वाजतात. जोर कमी पडतोय हा तुझा प्रॉब्लेमच नाहीये, तुझा प्रॉब्लेम लोकल आहे. दारातल्या वाऱ्याच्या आणि रुळांच्या आवाजात कुठला डॅक काय करतोय हे देवालाही कळणार नाही. इअरफोनसोबत डबीत दोन-तीन मापांचे रबर येतात, ते सगळे घालून बघ, किंवा फोमचे घे, नीट बसले तर बाहेरचा आवाज इतका पडतो की व्हॉल्यूम आपोआप चार काट्या खाली येतो. आणि तो यायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास ऐकलं तरी चालतं, पण 90 वर फक्त 4 तास. तुझा रोजचा प्रवास दोन तासांचा धरला तर 90 चा कोटा मंगळवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत संपला.

आता तू म्हणशील मित्राने स्वतः ऐकून सांगितलंय. ऐकलं असेल, मीही ऐकलंय. दोन वर्षांपूर्वी एकाचा महागातला डॅक-अ‍ॅम्प, म्हणजे मोठा डबाच, आठवडाभर घरी आणला होता आणि पहिल्या दिवशी मला शपथेवर फरक वाटला, आवाज मोकळा, तबल्याचा बायाँ कसा गोल वगैरे, बायकोला दोनदा बोलावून ऐकवलं. मग भाचा आला, तो इंजिनिअरिंगला आहे, त्याने काय केलं तर दोन फाट्यांची पिन घेऊन इअरफोन लावलेलाच ठेवून एक सलग सूर लावला आणि मल्टिमीटरने दोन्हीकडचे व्होल्ट मोजले. डबा डोंगलपेक्षा जोरात वाजत होता, एवढंच. व्होल्टमध्ये 12 टक्के फरक म्हणजे साधारण 1 डेसिबल, तेवढ्याने आवाज "मोठा" वाटत नाही, "स्वच्छ" वाटतो, आणि दुकानात डेमोला नेमकं हेच होतं. त्याने दोन्ही सारखे केले, मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पाठीमागे पिन बदलत राहिला. पिन काढल्याचा टक आवाज येतो म्हणून बदलायचं असो नसो दर वेळी काढून परत घालायचा, पोरगं हुशार आहे. 16 पैकी 9 बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. दुसऱ्या दिवशी डबा परत केला.

मुलाने अमेरिकेहून सेनहायझर एचडी 650 पाठवलाय, सोबत अ‍ॅपलचा टाइप-सी डोंगल. माझा फोन अँड्रॉइड आहे. आवाज पूर्ण वाढवला तरी शास्त्रीय गायन फार बारीक ऐकू येतं. मी निवृत्त शिक्षक, कोल्हापूर. हेडफोन बिघडलाय का?

काका, हेडफोन ठणठणीत आहे, आणि मुलाला चांगली जाण आहे हेही सांगतो. तुमची केस वर डोंबिवलीला दिलेल्या उत्तराच्या बरोबर उलटी आहे.

तुमचा हेडफोन 300 ओहमचा. याला करंट थोडा लागतो पण दाब (म्हणजे व्होल्ट) जास्त लागतो, म्हणजे सोसायटीची टाकी उंच हवी, पाइप बारीक असला तरी चालेल. कंपनीचा आकडा आहे 1 व्होल्टला 103 डेसिबल. अ‍ॅपलचा डोंगल आयफोनला किंवा लॅपटॉपला लावला तर साधारण 1 व्होल्ट देतो (युरोपात विकतात तो अर्धाच देतो, तुमचा अमेरिकेचा आहे म्हणून सुटलात), म्हणजे कागदावर हे पुरायला हवं. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर या डोंगलचा आतला व्हॉल्यूम खालीच अडकून राहतो, तुम्ही स्क्रीनवर पट्टी टोकाला नेली तरी डोंगल पूर्ण उघडत नाही. तेव्हा खर्च करायच्या आधी तोच डोंगल घरातल्या लॅपटॉपला लावा आणि तीच बंदिश ऐका. तिथे दणकून वाजली तर चोर सापडला. फोनवरच ऐकायचं असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो नावाचं एक विकतचं अ‍ॅप आहे, ते डोंगलशी थेट बोलतं आणि हा अडथळा काढतं, फक्त त्या अ‍ॅपमधून वाजवलेलंच मोठं होईल, यूट्यूब तसंच बारीक राहील.

पण तुम्ही ऐकता काय तेही यात आहे. सिनेमाची आजची गाणी दाबून दाबून सगळी एकाच जोरात भरलेली असतात. विलंबित ख्यालाचं तसं नसतं, सुरुवातीला नुसता तानपुरा आणि एक षड्ज, आणि अर्ध्या तासाने द्रुतात ताना सुटतात तेव्हा तोच गळा कितीतरी वर जातो. त्या तानांना जागा ठेवायची म्हणून रेकॉर्डिंग मुळातच हळू आवाजात केलेलं असतं, त्यात जुन्या मैफिलींच्या टेपवरून उतरवलेलं असेल तर अजूनच हळू. म्हणून तुम्हाला थोडा जास्तीचा जोर खरंच उपयोगी पडेल. 2 व्होल्ट देणारा डोंगल घ्या, फिओ, मूनड्रॉप वगैरे बऱ्याच जणांचे आहेत. एकाचे दोन व्होल्ट म्हणजे 6 डेसिबल जास्त, तेवढं घरात बसून ऐकायला भरपूर झालं. बॅटरीवाला जड डबा खुर्चीशेजारी ठेवायची गरज नाही. नवीन डोंगल आला की टेपवरून न उतरवलेलं एखादं स्वच्छ रेकॉर्डिंग लावून तानपुऱ्याची जवारी कान देऊन ऐका, तारेच्या मागे ती बारीक सुरांची जाळी उठते ना, तिच्यात फसफस मिसळलेली नसली की डोंगल पास.

जाता जाता, कारण हे लोक हमखास चुकतात. ओहम जास्त म्हणजेच वाजवायला अवघड असं काही नाही. हायफायमॅनचा एचई 400 एसई फक्त 25 ओहमचा आहे पण 1 मिलिवॅटला 91 डेसिबलच देतो, म्हणजे 105 पर्यंत न्यायचा तर 25 मिलिवॅट लागतात. तुमच्या 300 ओहमवाल्याला तेवढ्यालाच 6 सुद्धा लागत नाहीत. हायफायमॅनला टाकी बेताची चालते पण पाइप जाड लागतो, करंट लागतो. म्हणून खोक्यावर ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (किती मिलिवॅटला किंवा व्होल्टला किती डेसिबल) दोन्ही एकत्र वाचायची, एकट्या आकड्याला अर्थ नाही.

माझ्याकडे सोनीचे ब्लूटूथ हेडफोन आहेत. फोनला चांगला डॅक लावला तर आवाज सुधारेल ना?

नाही. ब्लूटूथवर फोन नुसते आकडे हवेतून पाठवतो, डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही हेडफोनच्या आत आहेत. फोनला लावलेला डॅक तिथे पाहुण्यासारखा बसून राहील. फोनच्या सेटिंगमध्ये एलडॅक (नावात डॅक असलं तरी ही ब्लूटूथवरून जास्त आकडे पाठवायची सोनीची पद्धत) चालू आहे का ते बघा, ते फुकट आहे.

हां, याच्या उलटं मात्र होतं. फिओचे बीटीआरवाले किंवा क्युडेलिक्स 5के अशा काडेपेटीएवढ्या डब्या मिळतात, त्या ब्लूटूथवर आकडे घेतात आणि वायरचे इअरफोन त्यांना लागतात. शर्टाला चिमटा लावायचा, फोन खिशात, चार्जिंगचं भोकही मोकळं. क्युडेलिक्समध्ये इक्वलायझर फार बारकाईने लावता येतो, आणि माझं मत विचाराल तर एखाद्या हेडफोनचा कानात टोचणारा भाग 3 डेसिबल खाली आणून जो फरक पडतो तो दहा डॅक बदलून पडणार नाही.

महागातले, एका कानात सहा ड्रायव्हर (छोटे स्पीकर) असलेले आयईएम (कानाच्या आत बसणारे इअरफोन) घेतले आणि सोबत दणकट पोर्टेबल अ‍ॅम्प. गाणं थांबवलं तरी सुं असा आवाज येतो. अ‍ॅम्प खराब लागला का? (नागपूर)

खराब नाही, जोडी चुकली. हे आयईएम इतके नाजूक कानाचे असतात की अ‍ॅम्पचं स्वतःचं श्वास घेणंही ऐकतात, आणि तो अ‍ॅम्प बनवलाय आडदांड हेडफोनसाठी. मच्छर मारायला बुलडोझर आणलात आणि इंजिनचा आवाज येतो म्हणताय! अ‍ॅम्पवर गेनचं (जोर कमी-जास्त करायचं) बटण असेल तर लो करा. मग गाणं पॉज करून व्हॉल्यूम वर-खाली करा. सुं तेवढंच राहिलं तर ते अ‍ॅम्पचं. व्हॉल्यूमसोबत वाढलं तर मागून येतंय, फोनकडून किंवा डॅककडून. आणि पॉज केल्यावर अजिबात नसेल, गाणं सुरू झालं की येत असेल, तर ती बहुधा जुन्या टेपची फसफस आहे, ती तर रेकॉर्डिंगमधूनच आलीय, तिच्यापायी कुणाचं वॉरंटी कार्ड शोधू नका.

दुसरं म्हणजे अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (म्हणजे त्याचे स्वतःचे ओहम) बघा. बऱ्याच ड्रायव्हरच्या आयईएमचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात, कुठे 30 तर कुठे 8, आणि अ‍ॅम्पचे स्वतःचे ओहम जास्त असले तर कुठले सूर दबतात, कुठले उठतात, म्हणजे तुम्ही पैसे मोजलेला आवाजच बदलून जातो. हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा असा ठोकताळा आहे, तुमच्यासाठी 1 ओहमच्या आत बरा. गंमत म्हणजे तो हजार रुपयांचा अ‍ॅपलचा डोंगल यात पास होतो, आणि काही महागडे ट्यूबवाले डबे नापास.

32 बिट 768 किलोहर्ट्झ, डीएसडी 512 असं लिहिलेला घेऊ की 24 बिट 96 वाला चालेल? आणि बॅलन्स्ड 4.4 हवंच का?

96 वाला चालेल, डीएसडी (आवाज साठवायची एक वेगळी पद्धत) नसली तरी. सीडीचं 16 बिट 44.1 (वर सांगितलेले सेकंदाला 44,100 आकडे ते हेच) हे 1982 पासून आहे आणि त्यातच 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सूर बसतात, माणसाचा कान तरुणपणी 20 पर्यंत, चाळिशीनंतर 15 च्या आसपास. 768 वाला वटवाघळांनी विकत घ्यावा. बॅलन्स्डमध्ये (दोन्ही कानांच्या वायरी पूर्ण वेगळ्या, पिन 4.4 मिलिमीटरची) त्याच डबीतून दुपटीपर्यंत व्होल्ट मिळतात म्हणून अवघड हेडफोनला कामाचं, साध्या इअरफोनला 4.4 ची वायर वेगळी विकत घेणं म्हणजे स्कूटरला ट्रकचं टायर.

लॅपटॉपला डॅक-अ‍ॅम्प लावलाय, चार्जर लावला की हेडफोनमध्ये गुणगुण सुरू होते आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो वरचं मॉडेल घ्या. (पुणे)

ताई, वरचं मॉडेल अजिबात घेऊ नका, तेही गुणगुणेल. चार्जर काढून बॅटरीवर ऐका, गुणगुण गेली ना? मग डॅकचा यात काही दोष नाही. चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याच्यातून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर गळतो, जायला वाट नसते म्हणून तुमच्या हातातून आणि हेडफोनच्या वायरीतून वाट शोधतो, झिणझिण्या त्याच्याच. त्याच कंपनीची तीन पिनांची वायर मिळते का बघा आणि भिंतीच्या सॉकेटात लावा, एक्स्टेन्शन बोर्डात नको. तरीही राहिली तर सॉकेटला खरंच अर्थिंग आहे की नुसतं तिसरं भोक आहे हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या वाड्यांत आणि पहिल्या पिढीच्या सोसायट्यांत ते बऱ्याचदा नुसतं भोकच असतं. आणि हे आजच करा, कारण त्याच लाइनवर तुमचा गीझरही असेल.