डोळ्यांच्या जागी लेन्स

प्रश्न : छायाचित्रकार आंद्रेआस फायनिंगर यांनी काढलेला डेनिस स्टॉक यांचा फोटो पाहिला. स्टॉक एवढे नावाजलेले छायाचित्रकार, पण फोटोत त्यांचे डोळेच दिसत नाहीत, कॅमेऱ्याने झाकलेत. याला व्यक्तिचित्र म्हणायचं का? आमचे छायाचित्रणाचे सर निवृत्त होताहेत, त्यांना असाच फोटो काढून द्यायचा आहे. त्यांच्या हाती डीएसएलआर कॅमेरा देऊन तीनदा प्रयत्न केला, पण जमत नाही. काय चुकतंय?

उत्तर : आधी तुमची अडचण सोडवू, कारण ती कॅमेऱ्याच्या घडणीतच आहे. स्टॉक यांच्या हातात लायका कंपनीचा कॅमेरा आहे आणि तो उभा धरलाय. त्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरची, म्हणजे दृश्य पाहायच्या खिडकीची काच लेन्सच्या वरच्या अंगाला, समोरूनही दिसेल अशी असते. कॅमेरा उभा केला की ती लेन्सच्या शेजारी येते. म्हणून एका डोळ्याच्या जागी लेन्स, दुसऱ्याच्या जागी फाइंडर. डीएसएलआरला समोरून ही काचच नसते. आत आरसा असतो, पाहायचं ते लेन्समधूनच. मग दुसरा डोळा येणार कुठून? एखादा जुना रेंजफाइंडर, म्हणजे लायकासारखी समोर वेगळी काच असलेला कॅमेरा मागून आणा. तो बंद पडलेला असला तरी चालेल.

आता प्रकाश. दिवा एकच, बाजूने. दिव्यापासून सर एक मीटरवर आणि मागची भिंत तीन मीटरवर ठेवली, तर भिंतीवर नवव्या हिश्श्याएवढाच उजेड पोचतो. काळा पडदा लागत नाही. कॅमेरा ऑटोवर ठेवलात तर तो हा काळोख उजळून राखाडी करेल, तेव्हा एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). फोकस लेन्सच्या पुढच्या कडीवर, आणि बोटंही स्पष्ट हवीत म्हणून लेन्सचं छिद्र लहान, एफ ८ च्या आसपास.

व्यक्तिचित्राचं म्हणाल, तर हा फोटो १९५१ सालचा आहे. ‘लाइफ’ मासिकाच्या तरुण छायाचित्रकारांच्या स्पर्धेत स्टॉक यांना त्याच वर्षी पहिलं बक्षीस मिळालं होतं. जन्म १९२८चा, म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. टाइम्स स्क्वेअरच्या पावसात कॉलर वर करून चालणारा हॉलिवूडचा नट जेम्स डीन त्यांनी टिपला तो १९५५ मध्ये. फायनिंगर यांच्यासमोर उभा होता तेव्हा हा मुलगा आजच्यासारखा नावाजलेला नव्हता. फोटोचं नावही ‘द फोटोजर्नलिस्ट’. फायनिंगर बाउहाउस या जर्मनीतल्या कला-वास्तुकलेच्या शाळेत शिकलेले, शिक्षणाने वास्तुविशारद, वस्तूंच्या आकारावर जीव असलेला माणूस. त्यांनी इथे एका पेशाचा चेहरा काढला, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र म्हणून ते मला फार आवडतं, पण स्टॉक यांच्या आईला त्यात आपला मुलगा कितपत सापडला असता, याबद्दल मला शंका आहे.

म्हणून सरांसाठी जसंच्या तसं करू नका. माझ्या गुरुजींचा असाच फोटो मी एकदा काढला होता. डार्करूममध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस, चिमटा कधी वापरला नाही, प्रिंट हातानेच हलवायचे. डेव्हलपरने, म्हणजे प्रिंट उमटवायच्या रसायनाने, अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख कायमचं तपकिरी झालेलं. पहिल्या फोटोत मी दिवा वर ठेवला होता, नखं सावलीत गेली. कुणीही असू शकला असता तो. मग दिवा हातभर खाली घेतला, बोटांवर उजेड पडला आणि ती दोन नखं दिसली. प्रिंट पाहून गुरुजींची धाकटी मुलगी लांबूनच म्हणाली, “बाबा!”

तुमच्या सरांचे हात आठवून पाहा. लेन्स खालून धरतात की बाजूने? दुसरा डोळा मिटतात की उघडा ठेवतात? चष्मा कपाळावर सरकवतात का? ते सापडलं की दिवा तिथे लावा. फोटो निघाला की मला जरूर पाठवा.