धर्मग्रंथ, साक्षात्कार की तत्त्वज्ञान : ईश्वराची व्याख्या कशाने करता येते?

ईश्वराची व्याख्या धर्मग्रंथ, साक्षात्कार किंवा तत्त्वज्ञान यांच्या आधारे करता येते का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की ईश्वराकडे निर्देश करता येतो. काटेकोर अर्थाने व्याख्या करता येत नाही.

न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, व्याख्येला लक्षण म्हणतात. तिथे गाईचे लक्षण म्हणून तिच्या गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी सांगतात, कारण ती प्रत्येक गाईला असते आणि म्हशीला नसते. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या कोणत्याही गुरांच्या बाजारात ही कसोटी पटेल. मात्र ती लावण्यासाठी गाईशेजारी दुसरे जनावर असावे लागते, आणि एकमेव मानलेल्या ईश्वराला कोणाशेजारी उभे करायचे, हा प्रश्न उरतोच. अद्वैत वेदान्ताने यावर तटस्थ लक्षणाची, म्हणजे वस्तूच्या स्वरूपाबाहेरच्या खुणेने ती ओळखवण्याची, वाट काढली. 'ज्यापासून या जगाची उत्पत्ती वगैरे होते ते ब्रह्म', हे ब्रह्मसूत्रातील दुसरे सूत्र तशाच प्रकारचे मानले जाते. देवदत्ताचे घर कोणते, तर ज्यावर कावळा बसला आहे ते, हा त्याचा जुना दृष्टान्त आहे. खेड्यात नवख्या माणसाला पत्ता असाच सांगतात. कवेलूंवरचा कावळा उडून गेला तरी घर सापडते, पण आत खोल्या किती आहेत हे कावळ्यावरून कळत नाही.

केवळ ग्रंथप्रामाण्याने प्रश्न सुटत नाही, हे मीमांसकांकडे, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांकडे, पाहून कळते : त्यांनी वेद पूर्ण प्रमाण मानले, तरी वेदांचा कर्ता म्हणून ईश्वर मानला नाही.

साक्षात्काराचा विचार करताना मला आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र आठवते. या पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानले, म्हणजे तुलनेसाठी लागणारे शेजारी खरोखरच उभे केले, आणि देवता म्हणजे परमेश्वर नव्हे असे स्पष्ट सांगितले. व्याख्येच्या इतक्या जवळ जाणारी मांडणी मराठीत दुसरी मला दिसत नाही. परंतु ती प्रमाण ठरते ती पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या वचनामुळे, आणि ते वचन परमेश्वराचे हे आधीच मान्य असावे लागते. शिवाय म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र हे स्वामींचे चरित्र सिद्ध केले ते शिष्यांच्या आठवणी गोळा करून, आणि एकाच लीळेच्या, म्हणजे प्रसंगाच्या, निरनिराळ्या आठवणी त्यात 'वासना' म्हणून प्रामाणिकपणे नोंदलेल्या आहेत. ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले त्यांची गोष्ट वेगळी. माझ्यासारख्या वाचकापर्यंत येईतो साक्षात्काराचा ग्रंथच झालेला असतो, म्हणून आपण सांगितलेला दुसरा मार्ग मी पहिल्यातच धरतो.