चार्ज : ओझे एक, वाहणारे अनेक

प्रश्न : आमच्या लहानशा मराठी मंडळाचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. नव्या चिटणिसांनी ‘चार्ज’ घेतला, साफसफाईचे ‘चार्जेस’ वाढले आणि सभागृहातला इन्व्हर्टर नीट ‘चार्ज’ होत नाही, अशा तीन नोंदी एकाच पानावर आल्या आहेत. तिन्ही ठिकाणी ‘प्रभार’ लिहावे, असे एका सभासदांचे मत पडले. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या माझ्या नातीने इन्व्हर्टरसाठी सुचवलेला ‘आवेश’ मी सभेत वाचून दाखवला, तेव्हा हशा पिकला. एका शब्दाचे इतके अर्थ झाले कसे आणि मराठीत नेमके काय लिहावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या नातीचे काही चुकलेले नाही, हे आधी सांगतो. हिंदीतल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत ‘चार्ज’ला ‘आवेश’ हाच रूढ शब्द आहे. मराठी माणूस मात्र आवेशाने भाषण करतो, त्यामुळे इन्व्हर्टरमध्ये आवेश उरला नाही म्हटले की त्याला हसू येते.

आता मूळ शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा आणि त्यावरून पुढे झालेले ‘कारिकारे’ हे क्रियापद म्हणजे गाड्यावर माल लादणे. तेच फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन ‘चार्ज’ झाले. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ हे याच घराण्यातले आहेत. इतकेच काय, व्यंगचित्राला इंग्रजीत जो ‘कॅरिकेचर’ शब्द आहे, तोही इटालियनमधून आलेला याच कुळातला असून, चेहऱ्यावर अतिशयोक्तीचे ओझे लादणे हा त्यामागचा भाव आहे. ओझे कोणावर लादले, एवढे पाहिले की ‘चार्ज’चे बहुतेक अर्थ आपोआप उलगडतात : माणसाच्या खांद्यावर लादले तर जबाबदारी, खिशावर लादले तर आकारलेली रक्कम, संशयिताच्या माथ्यावर लादले तर आरोप आणि बंदुकीच्या नळीत ठासले तर दारू. विजेचा अर्थ त्या मानाने अलीकडचा. लायडन जार ही वीज साठवणारी काचेची बरणी 1745–46 च्या सुमारास तयार झाल्यावर तिच्यात वीज ‘भरता’ येऊ लागली आणि त्या काळी बेंजामिन फ्रँकलिनने अशा अनेक बरण्यांच्या जुळणीला तोफांच्या रांगेवरून ‘बॅटरी’ म्हटले. आज मोबाइलची बॅटरी चार्ज करताना आपण तोफखान्याचेच दोन शब्द वापरत असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

यात इंग्रजीने काही जगावेगळे केले, असे मात्र समजू नये. मराठीत बंदुकीचा ‘बार’ भरतात. हा बार फारसी असून त्या भाषेत त्याचा अर्थ ओझे असाच आहे आणि आपला संस्कृत ‘भार’ त्याचा सख्खा भाऊ आहे. आपल्या छावणीच्या धान्य मंडईत पोत्यांना जो ‘बारदाना’ म्हणतात, त्यातही हाच ‘बार’ आहे. म्हणजे ओझ्यावरून बंदुकीपर्यंतचा जो प्रवास ‘चार्ज’ने केला, तोच आपल्याकडे ‘बार’ने केला आणि आपण त्याच्याही पुढे जाऊन लग्नाचा बार उडवला व फसलेल्या बेताला फुसका बार म्हटले.

फरक पडतो तो पुढे. इंग्रजीने एकाच शब्दावर सारी कामे सोपवली. मराठीने ती वाटून दिली. पदभार आणि कार्यभार यांत ओझे उघड दिसते, पण पैशांच्या बाबतीत आपण ‘आकार’ घेतला. हा आकार म्हणजे घाट नव्हे. सातबाऱ्यावरच्या ‘आकारणी’तला, सरकारी देणे ठरवण्याचा तो आकार आहे. महाराष्ट्रातल्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ छापलेला असतो, तर आपल्या मध्य प्रदेशातल्या बिलावर त्याच रकमेला ‘नियत प्रभार’ म्हणतात. इकडे ठाण्याचा अधिकारीही ‘थाना प्रभारी’ असतो. आपल्या सभासदांच्या कानावर दिवसभर हाच शब्द पडत असणार, त्यामुळे त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, तरी तो मान्य करू नये. आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो : पोलिसांच्या ‘चार्जशीट’ला इथल्या हिंदी बातम्यांत ‘चालान’ म्हणतात, मराठीत ते आरोपपत्र होय. ‘चालान पेश’ याचे मराठी ‘चलान भरले’ असे केले, तर नागपूरच्या वाचकाला कोणी वाहतुकीचा दंड भरून आला असेच वाटेल.

आपल्या अहवालापुरते सांगायचे, तर चिटणिसांनी ‘पदभार स्वीकारला’ असे लिहावे. साफसफाईची रक्कम मंडळ सभासदांकडून घेत असेल तर ‘शुल्क’ आणि मंडळ स्वतः कोणाला देत असेल तर सरळ ‘खर्च’ लिहावा. ‘आकार’ शुद्ध आहे, पण इंदुरात तो समजावून सांगावा लागेल. इन्व्हर्टर मात्र ‘चार्ज होत नाही’ असाच राहू द्यावा. विजेच्या चार्जला मराठी पाठ्यपुस्तकात ‘प्रभार’ म्हणतात, तो तिथे शोभतो. सभागृहात ‘इन्व्हर्टर भारित होत नाही’ असे लिहिले, तर दुरुस्तीला आलेला कारागीर आधी त्यावर कोणी खुर्च्या रचून ठेवल्या आहेत का, ते पाहील.