गोठ्यात साठलेलं काळं ऑइल

प्रश्न : नमस्कार काका. आमचं गाव पलूस तालुक्यात, घरचे दोन ट्रॅक्टर, सीझनला ऊस वाहतुकीला असतात. ऑइल घरीच बदलतो, त्यामुळं काळं ऑइल साठत साठत आता गोठ्यात पाच लिटरचे नऊ कॅन झालेत. एक मित्र म्हणतो, धोतराच्या कापडातनं गाळ आणि डिझेलमध्ये थोडं थोडं टाक, जुन्या ट्रॅक्टरला काय होत नाही. वडील गोचीड झाली की म्हशीला लावतात. भंगारवाला येतो तो पण मागतो. नेमकं काय करू?

उत्तर : मालक, नऊ कॅन म्हणजे पंचेचाळीस लिटर, एवढं कसं साठलं हे मला विचारायची गरज नाही, कारण सीझनला दिवसाला दहा-बारा तास ट्रॅक्टर पळाला की ऑइल बदलायचे २५० तास तीन-चार आठवड्यात भरतात आणि एका ट्रॅक्टरचं सात-आठ लिटर निघतंच. साठवलंत ते बरंच केलंत, ओढ्यात ओतलं नाही.

आधी डिझेलचं सांगतो, कारण हा उद्योग मी स्वतः केलाय. मामाच्या विहिरीवर जुनं साडेसहाशे आरपीएमचं स्लो-स्पीड इंजिन होतं, वय वर्षं वीस, अक्कल बेताची, डिझेल वाचवायचं म्हणून ऑइल चार पदरी कापडातनं गाळलं आणि टाकीत ओतत गेलो. चाललं की हो इंजिन! पंधरा दिवस चाललं, धूर तेवढा वाढला, मी म्हटलं धुराचं काय एवढं. मग एक दिवस सकाळी हँडल मारून मारून हात दुखले तरी सुरूच होईना. मिस्त्रीनं हेड उतरवलं, पिस्टन काढला आणि माझ्यासमोर धरला, रिंगा खाचेत बसल्या होत्या त्या हलतच नव्हत्या, काळा डिंक ओतून चिकटवल्यासारख्या. नोझलमधनं फवारा पडायच्या ऐवजी थेंब गळत होते. जे डिझेल वाचलं त्याच्या कितीतरी पट पैसे मामांच्या खिशातनं गेले आणि मामा पुढं दोन वर्षं मला विहिरीवर एकटा सोडत नव्हते.

कापडानं फक्त कचरा आणि लोखंडाची चूर अडकते. डिझेल इंजिनचं ऑइल काळं होतं ते काजळीनं, आणि ती काजळी इतकी बारीक की कापड सोडा, गाडीचा फिल्टर पण तिला धड धरत नाही. वर ऑइलमध्ये कंपनीनं मुळातच घातलेलं झिंक, कॅल्शियम, फॉस्फरस असतं, ते तर विरघळलेलंच असतं, गाळून निघणारच नाही. ते जळलं की राख होते आणि राख रिंगांवर, व्हॉल्व्हवर, नोझलवर बसते. जुन्या इंजिनानं निदान पंधरा दिवस तरी सोसलं. २०२३ पासूनचे पन्नास एचपीच्या वरचे ट्रॅक्टर आणि बीएस-सिक्स गाड्या बहुतेक कॉमन रेलच्या आहेत, म्हणजे एकाच पाइपातनं सगळ्या इंजेक्टरना फार मोठ्या दाबानं डिझेल जातं, त्यांच्या इंजेक्टरची भोकं केसाच्या जाडीच्या आसपास असतात, तिथं हा प्रयोग केला तर इंजेक्टरचं बिल बघून मित्राशी बोलणं बंद होईल.

आता म्हशीचं. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हात जोडून सांगा की नका लावू. ऑइलनं गोचीड गुदमरून पडते हे मी पण बघितलंय, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पण म्हैस अंग चाटते, वासरू तिला चाटतं, आणि त्या ऑइलात बेअरिंग झिजून आलेलं शिसं-तांबं असतं, न जळलेलं डिझेल असतं, कातडीची आग होते ती वेगळीच. जनावरांच्या डॉक्टरकडं गोचिडीचं औषध असतं, किती पाण्यात किती आणि दूध किती दिवस काढून टाकायचं ते विचारून घ्या.

गोठ्याच्या लाकडी मेढींना वाळवीसाठी लावणारे पण आहेत. ते वरवर बसतं, दोन पावसात धुऊन मातीत जातं, आणि वाळवी आतनं खायची ती खातेच. मेढीचं बूड डांबरात बुडवून पुरायची जुनी पद्धत यापेक्षा कधीही चांगली.

मग राहिला भंगारवाला. इथं जरा थांबा. ऑइल म्हातारं होत नाही, खराब होतात ती त्यातली औषधं, म्हणजे अॅडिटिव्ह, आणि त्यात घाण मिसळते. मूळचं तेल तसंच असतं, म्हणून कारखान्यात पाणी उडवून, व्हॅक्यूमखाली डिस्टिल करून त्याचं परत बेस ऑइल, म्हणजे नवीन ऑइल बनवायचं मूळ तेल, करता येतं. हा चांगला रस्ता झाला. वाईट रस्ता म्हणजे कोणीतरी शेडमध्ये अॅसिड आणि माती टाकून रंग उतरवतो आणि नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून परत तुम्हालाच विकतो. म्हणून दोन गोष्टी करा, रिकामे डबे भंगारात देताना खिळ्यानं भोक पाडून द्या, आणि ऑइल घेणाऱ्याला विचारा की बाबा तुझं ऑइल पुढं कुठं जातं, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरकडं जातं का. नीट सांगत नसेल तर तुम्ही ऑइल विकत घेता त्या डीलरला विचारा. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलचा ठरावीक हिस्सा रिसायकल करून घ्यायची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर आलीय, त्यामुळं डीलरकडं नाव मिळायची शक्यता आहे. नाहीच मिळालं तर मंडळाचं ऑफिस सांगलीतच आहे.

तोवर कॅन झाकण घट्ट लावून ठेवा आणि त्यात दुसरं काहीही ओतू नका, ना कूलंट, ना ब्रेक ऑइल, ना पार्ट धुतलेलं रॉकेल. एका कॅनमध्ये कोणी थिनर ओतलं तरी सगळा माल घेणारा नको म्हणतो. फिल्टर काढला की रात्रभर पालथा घाला, चांगलं वाटीभर तरी ऑइल निघतं. आणि तुमचं गाव नदीकाठचं असेल तर कॅन माळ्यावर चढवा, जमिनीवर नको. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्या पुरानंतर घराच्या भिंतींवर पाण्याच्या खुणेबरोबर ऑइलचा जो काळा पट्टा राहिला होता तो चुना मारला तरी वर यायचा, ज्यांनी घरं धुतली त्यांना विचारा.

प्रश्न : कराडजवळ घर बांधतोय. सेंट्रिंगवाला प्लेटांना लावायला काळं ऑइल मागतोय, देऊ का?

उत्तर : नको. प्लेटा सुटतात मस्त, पण स्लॅबच्या पोटाला डाग पडतात आणि नंतर तिथं प्लास्टर धरत नाही, मग गवंडी टाचे मारत बसतो आणि मजुरी तुम्ही देता. शटरिंग ऑइल मिळतं, ते आणून द्या. सेंट्रिंगवाला म्हणेल आजपर्यंत कुणी तक्रार केली नाही. प्लास्टर होईपर्यंत तो पुढच्या साइटवर गेलेला असतो हो.

प्रश्न : आम्ही कोरेगाव तालुक्यातले. घराच्या वरच्या अंगाला एक गॅरेज आहे, ते ऑइल गटारात सोडतात. आता आमच्या विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसतोय. गॅरेजवाले म्हणतात हे गंजाचं आहे. पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : ताई, गॅरेजवाले अगदीच खोटं बोलतात असं नाही, लोहाच्या जीवाणूंमुळं पण पाण्यावर हुबेहूब असाच चकाकणारा पापुद्रा येतो. घरी बघता येतं. बादलीभर पाणी हलक्या हातानं काढा, स्थिर होऊ द्या आणि काडीनं तवंगाला टोचा. पापुद्र्याचे काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळे तरंगले तर लोहाचं. काडी काढल्याबरोबर तवंग परत जुळून आला, भोवऱ्यासारखा फिरला, तर तेल. वास पण घ्या.

तेल निघालं तर उकळून, तुरटी फिरवून किंवा ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकून ते जाणार नाही, ती औषधं गढूळपणाची आणि जंतूंची. प्यायचं पाणी लगेच दुसरीकडून आणा. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवायला सांगा, आणि नमुना देताना तोंडानं सांगा की तेलासाठी तपासा, नाहीतर नेहमीच्या तपासण्या होऊन रिपोर्ट चांगला येईल आणि तुम्हीच खोट्या पडाल. त्याच अर्जाची एक प्रत साताऱ्यातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला. गॅरेजला वापरलेलं ऑइल घातक कचरा म्हणून वेगळं साठवावं लागतं, आणि साधारण ९० दिवसांच्या आत अधिकृत माणसाला द्यावं लागतं, २०१६ च्या नियमांत तसं आहे. अर्ज करायच्या आधी गटाराचे आणि विहिरीचे फोटो तारखेसह काढून ठेवा, अर्ज गेला की गटार दुसऱ्या दिवशी धुतलेलं असतं.