गोपाळ नावाच्या नामवंत खऱ्या आणि काल्पनिक व्यक्ती कोणत्या, आणि त्यांपैकी कोकणातल्या कोण?

आपण विचारले आहे की, घरात नातवाचे नाव त्याच्या खापरपणजोबांवरून गोपाळ ठेवण्याचा विचार चालू आहे, तर या नावाच्या खऱ्या आणि कथाकादंबऱ्यांतल्या नामवंत व्यक्ती कोणत्या, आणि त्यांत कोकणाशी संबंध असलेल्या कोण. मी दापोली तालुक्यात राहतो, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

माझ्या मते या नावाच्या माणसांत पहिला मान गोपाळबाबा वलंगकर यांना द्यायला हवा. अशा याद्यांत त्यांचे नाव बहुधा नसते, याचे मला फार वाईट वाटते. महाड परिसरातल्या महार कुटुंबात साधारण १८४० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. लष्करात नोकरी करून ते १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. इथली जुनी माणसे आजही गावाला ‘कॅम्प’ म्हणतात, कारण इंग्रजी अमदानीत येथे लष्करी छावणी होती आणि पेन्शनीत निघालेल्या शिपायांची बरीच कुटुंबे येथे स्थायिक झाली होती. महात्मा फुले यांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या वलंगकरांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली आणि अस्पृश्यतेला आधार काय, हे समाजातील प्रतिष्ठितांना एकापाठोपाठ २६ प्रश्नांतून विचारले. ते पद्येही रचत, आणि हेच विचार त्यांतून लोकांपर्यंत नेत. सरकारने लष्करातील महारांची भरती बंद केली, तेव्हा १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार करण्यात त्यांचाच पुढाकार होता. पुढच्याच वर्षी महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि ती तिथल्या उच्चवर्णीय सभासदांना रुचली नाही. ते १९०० मध्ये वारले; त्याच महाडात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

त्या १८८८ सालाची आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच वर्षी पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केले. पत्राची मराठी बाजू ते स्वतः सांभाळत, आणि इंग्रजी बाजू सांभाळत असे कोकणातला २२ वर्षांचा एक तरुण, गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. वलंगकरांचे लेखनही ‘दीनबंधू’ या पत्राप्रमाणे याच ‘सुधारक’मधून प्रसिद्ध होत असे. म्हणजे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे एक गोपाळ, कोतळूकचे दुसरे आणि दापोलीत राहणारे तिसरे, असे वयाने आणि स्वभावाने अगदी वेगळे असलेले तीन गोपाळ एकाच वर्तमानपत्राशी जोडलेले होते. या नावाविषयी मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि नातू मोठा झाल्यावर त्याला पहिल्यांदा हीच सांगावी, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवतो.

आगरकरांविषयी आपल्याला पुष्कळ माहिती असेलच. ‘केसरी’चे ते पहिले संपादक; कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले; आणि मते इतकी स्पष्ट मांडत की, सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १८९५ च्या जूनमध्ये, ते गेले.

गोखल्यांच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागेल, कारण शाळेत आपल्याला भेटणारे गोखले हे अर्धे गोष्टीतले गोखले आहेत. दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या गणिताबद्दल शिक्षकांनी शाबासकी दिली तेव्हा रडू लागलेला प्रामाणिक मुलगा, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माझ्या दृष्टीने त्यांचे खरे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, आणि तसे होणार हे ठाऊक असूनही त्यांनी ते आकडेवारीनिशी शेवटपर्यंत लढवले. कोकणातल्या वाडीवाडीवर पुढे शाळा पोहोचल्या, त्या मागणीचा एवढा नेटका आणि अभ्यासपूर्ण उच्चार त्यांच्याआधी कायदेमंडळात झाला नव्हता, असे मी मानतो. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू म्हणत.

बाकीच्यांविषयी थोडक्यात सांगतो. ‘लोकहितवादी’ म्हणजे गोपाळ हरि देशमुख. त्यांचा जन्म पुण्याचा, पण घराणे मूळचे कोकणातले, सिद्धये आडनावाचे, आणि त्यांची शतपत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात येऊ लागली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दुसरेही एक गोपाळ कृष्ण होते, ते देवधर, ज्यांनी रमाबाई रानड्यांबरोबर पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी केली. (अशा नावांत ‘कृष्ण’ हे वडिलांचे नाव असते, तेव्हा ते जोडनाव समजू नये.) गोनीदा, म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर, जन्माने वऱ्हाडातले, तरीही ‘शितू’ आणि ‘पडघवली’ या कादंबऱ्यांतून त्यांनी कोकण उभे केले. यादी प्रामाणिक ठेवायची तर गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेला गोपाळ विनायक गोडसे हाही याच नावाचा होता, हे सांगितले पाहिजे.

काल्पनिक गोपाळ शोधायचे तर आधी बंगालकडे वळावे लागते. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या १८५५ मधील ‘वर्णपरिचय’ या बालबोध पुस्तकात गोपाळ हा सांगितलेले ऐकणारा, मिळेल ते खाणारा, अभ्यासू मुलगा आहे, तर राखाल हा त्याच्या अगदी उलट. बंगालातल्या कित्येक पिढ्या या दोघांवर अक्षरे शिकल्या. आपल्याकडच्या शालेय गोष्टीतले गोखले या बंगाली गोपाळाचे सख्खे भाऊ शोभतील, असे मला नेहमी वाटते. त्याच बंगालात गोपाळ भांड हा राजा कृष्णचंद्राच्या दरबारातला हजरजबाबी विदूषक. त्याच्या कथा आपल्याकडच्या बिरबलाच्या कथांइतक्या लोकप्रिय आहेत, मात्र असा माणूस खरोखर होऊन गेला का, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

आपल्या किनाऱ्यावर गोपाळ हा मुळात देवच, त्यामुळे त्याला खरा किंवा काल्पनिक यांपैकी कोणत्याही रकान्यात घालणे मला योग्य वाटत नाही. रत्नागिरीकडच्या नमन या लोकनाट्यात गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, झाल्यावर गौळण येते, तेव्हा दुधादह्याचे माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट हाच गोपाळ अडवतो, आणि त्याच्या बाजूला बोबडे बोलत पेंद्या उभा असतो. सिंधुदुर्गात जत्रेतल्या दशावताराला ‘दहीकाला’ म्हणतात, आणि रात्रभर चाललेला खेळ पहाटे हंडी फोडूनच संपतो.

शेवटचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यात होते आणि बदलीच्या नोकरीत काही काळ अलिबागला राहिले, म्हणजे त्यांच्याही आयुष्यात कोकण आहेच. बायकोने शिकले पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. तो हट्ट नसता, तर १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकाची पदवी मिळवणारी आनंदीबाई घडली नसती. पण त्याच हट्टापायी त्यांनी कोवळ्या वयाच्या पत्नीला मारझोड केली, आणि तिने स्वतः पत्रातून ते त्यांना सुनावले आहे. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींना (तेव्हा धर्मबाह्य मानला जाणारा) चहा देवविण्याच्या आणि त्यांची नावे छापवून आणण्याच्या प्रकरणामागेही हेच गोपाळराव होते. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये आनंदीबाईंचे चरित्र लिहिले, त्यात ते आहेत, श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीत ते पात्र झाले. आणि २०१९ च्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे आजच्या तरुण वाचकाच्या मनात जे गोपाळराव आहेत, ते बरेचसे पडद्यावरचे आहेत. म्हणून आपण खऱ्या आणि काल्पनिक अशा दोन वेगळ्या याद्या करणार असाल, तर यांचे नाव दोन्हींत लिहावे आणि चरित्र कादंबरीच्या आधी वाचावे.