दुपारी झोपून उठल्यावर अडीच वर्षांच्या मुलीच्या पोटावर, मांड्यांवर लाल गांधी आल्या. खाज आहे, ताप नाही. मागच्या आठवड्यात सर्दी होती. कशामुळे असेल?

ताई, मी खानापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी हे अंगावर पित्त उठल्यासारखं वाटतं. एका गांधीच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा. दोन-चार तासांनी ती गांध रेघेतून गायब होऊन दुसरीकडे उठली असेल, तर पित्तच. एकच गांध २४ तासांपेक्षा जास्त टिकली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

घरात लगेच "काय खाल्लं?" सुरू होतं आणि अंडं, शेंगदाणे, वांगं सगळं बंद. पण एवढ्या लहान मुलांत पित्ताचं नेहमीचं कारण म्हणजे नुकताच होऊन गेलेला सर्दी-ताप. मागच्या आठवड्यात तिला सर्दी होती म्हणताय, तिथंच बघा. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तास-दोन तासांत उठलं आणि दर वेळी तसंच झालं, तरच त्या पदार्थावर संशय घ्या. नवं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

आपल्याकडे आणखी एक असतं. काजूच्या दिवसांत पोरं ओल्या बिया हाताळतात, टरफलातलं तेल लागतं. ते बिब्यासारखं उततं, पण लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, आणि जिथं लागलं तिथंच फोड येतात. पावसाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांना केसाळ सुरवंट लागला तरीही अंग असंच उठतं.

ताप असता तर वेगळा विचार केला असता. तीन-चार दिवस कडक ताप, तो उतरला आणि मग पुरळ, हा बहुधा लहानग्यांचा साधा विषाणूताप. ताप, खोकला, लाल डोळे आणि कानामागून खाली उतरणारं पुरळ म्हणजे गोवर असू शकतो. तायी कार्ड (आई-बाळाच्या लसींची नोंद असलेलं सरकारी कार्ड) काढून ९ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांमधला, असे गोवराचे दोन्ही डोस झालेत का बघा.

काचेचा पेला दाबल्यावरही लाल ठिपके फिके होत नसतील, ओठ-डोळे सुजले, श्वास घरघरला, उलट्या झाल्या किंवा पोर मलूल पडलं, तर आमसुलाचं पाणी लावत बसू नका. १०८ ला फोन करा.

आणि गांधींचे फोटो आत्ताच काढून ठेवा, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्या बऱ्याचदा मावळलेल्या असतात.